थेंबाला आवाज नसतो

देवगाव फाट्यावरच्या आमच्या दुकानाला लोक 'लॅब' म्हणतात. एखादा नवखा माणूस रक्त तपासायचं म्हणून आत शिरतो आणि डिझेलचा वास घेऊन मुकाट बाहेर पडतो. आम्ही तपासतो ते ट्रॅक्टरच्या इंजिनचे पंप. टाकीतलं डिझेल दाबून, मोजून, नेमक्या क्षणी एकेका सिलिंडरकडे धाडणारा हा लोखंडी डबा. दोन्ही हातांनी उचलावा लागतो, पण आत केसाएवढी झीज झाली तरी इंजिन रुसून बसतं. पंप उघडायचा, झिजलेलं बदलायचं, मशीनवर चढवून काचेच्या नळ्यांत सगळ्या तोंडांनी सारखं डिझेल पडतंय का बघायचं, आणि शेवटी इंजिनवर बसवून टायमिंग जुळवायचं. तीस वर्षं मी हेच करत आलोय. आमच्या धंद्यात टायमिंग हे कानाचं काम मानतात. आणि माझे कान गेले.

एका दिवसात नाही गेले. आधी पाठीमागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न गेला, मग घरातल्या कुकरची शिट्टी. धाकटा भाऊ माझ्याबरोबर दुकानात असतो; त्यानं सोळाचा पाना मागितला की मी सतराचा द्यायला लागलो. परभणीच्या डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. ते घालून मी एक दिवस दुकानात काम केलं. त्यानं सगळंच मोठं केलं, नको ते आधी. संध्याकाळी काढून डबीत ठेवलं, ते अजून डबीतच आहे. तीस वर्षं इंजिनांच्या शेजारी उभं राहिलं की कान जाणारच, त्याचं मला फारसं दुःख नाही. राग आहे तो एका वाक्याचा.

बहिऱ्या माणसाला जगात सगळ्यात जास्त वेळा सांगितलं जाणारं वाक्य म्हणजे, 'काय न्हाई, जाऊ द्या.' कुणीतरी काहीतरी बोलतं, सगळे हसतात, आपण विचारतो, 'काय?' आणि उत्तर येतं, काय न्हाई, जाऊ द्या. बायको म्हणायची, सोयरे म्हणायचे, शेजारचा चहावाला म्हणायचा. एकदा नातवंडानं म्हटलं. चार वर्षांच्या पोरानं मला जाऊ दिलं, तेव्हा मी जेवणावरून उठलो होतो.

तरी दुकानात मी राजा होतो. गेल्या उन्हाळ्यापर्यंत. तेव्हा एका पंपाचं टायमिंग मी जरा पुढं बांधलं. इंजिन टकटक वाजत होतं, सगळ्या फाट्याला ऐकू येत होतं, आणि मी गिऱ्हाइकाच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, झकास झालंय, घेऊन जा. तो बिचारा माझ्या नावावर विश्वास ठेवून गेला. धाकट्यानं मोटरसायकलवर सेलूच्या रस्त्यानं त्याला गाठलं आणि रस्त्याच्या कडेला टायमिंग परत बांधून दिलं. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात लाल प्लास्टिकची नवी खुर्ची होती. 'दादा, तुमी आता हितं बसा. आल्यागेल्याला बघा. आतलं म्या बघतो.'

चूक माझी होती. ती मी मान्य केली. खुर्ची मी मान्य केली नाही. बसलो तिच्यावर, कारण कुठंतरी बसावंच लागतं, पण मान्य केली नाही.

सोयाबीनच्या सुगीत मानवतकडचा एक शेतकरी ट्रॅक्टर दोरानं ओढून घेऊन आला. माझ्या वयाचा, डोक्याला रुमाल, बोलण्यात नेमका. त्याचं मळणीयंत्र रानात उभं होतं, सोयाबीनची गंजी पडलेली, वर आभाळ भरून आलेलं. जुना पंप कामातून गेला होता. धाकट्यानं नवा पंप मशीनवर तपासला, इंजिनवर बसवला, खुणा जुळवल्या. पंपावर एक रेघ असते, इंजिनवर एक. रेघेसमोर रेघ आली की बोल्ट आवळायचे. रेघा तंतोतंत जुळल्या होत्या. इंजिन मात्र लागेना.

त्यानं पंपातून सिलिंडरांकडं जाणाऱ्या नळ्यांतली हवा काढली. परत काढली. सिलिंडरात डिझेल फवारणारे नोझल बदलले. ट्रॅक्टर ओढून बघितला, तर सायलेन्सरमधून नुसता पांढरा धूर. दुपार झाली. शेवटी मी धाकट्याचे ओठ वाचले, तो शेतकऱ्याला सांगत होता की इंजिनच खोलावं लागेल, चार दिवस धरा. शेतकऱ्यानं आधी आभाळाकडं बघितलं आणि मग जमिनीकडं.

मला खुर्चीवरून तो धूर दिसत होता, त्याचा वास येत होता. कच्च्या डिझेलचा वास. म्हणजे डिझेल आत जातंय, पण जळत नाही. म्हणजे भलत्या वेळी जातंय. मी म्हणालो, 'फेर चुकलाय तुझा.' धाकट्याची पाठ माझ्याकडं होती. तो मान न वळवता काहीतरी बोलला. मी विचारलं, 'काय?'

'काय न्हाई, जाऊ द्या. बसा तुमी.'

हे मात्र मला स्पष्ट कळलं. ऐकून नाही, सवयीनं.

मी उठलो. शेतकऱ्यानं धाकट्याला हळूच विचारलं, 'मिस्तरीला ऐकू येतंय न्हवं?' तेही ओठांवरून कळलं. धाकट्यानं खाली बघितलं. दोन वर्षं तो लोकांना सांगत आला होता की दादा विचारात असतात. मीही त्याला सांगू देत आलो होतो. दोन वर्षं मी न कळलेल्या गोष्टींना माना डोलावल्या, न ऐकलेल्या विनोदांना हसलो. त्या दिवशी मला त्याचा एकदम वीट आला.

'मला ऐकू येत न्हाई,' मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो असणार, कारण चहावाला बाहेर आला. 'दोन वर्सं झाली. काम येतंय. ट्रॅक्टर दुसरीकडं न्यायचा असंल तर आताच न्या. न्यायचा नसंल तर त्या खुर्चीवर बसा.'

शेतकऱ्यानं माझ्याकडं बघितलं, धाकट्याकडं बघितलं. मग जाऊन खुर्चीवर बसला.

आता फेर म्हणजे काय ते सांगतो. पंपाचा एक फेर होईपर्यंत इंजिनचे दोन होतात. त्यामुळं पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दोनदा वर येतो. एकदा हवा दाबायला, एकदा धूर बाहेर ढकलायला. डिझेल द्यायचं ते पहिल्या वेळी. इंजिनवरची खूण मात्र दोन्ही वेळी सारखीच दिसते, तिला काय कळतंय. म्हणून आमच्याकडं पहिल्या सिलिंडरचा नोझल काढून त्या भोकात कापडाचा बोळा कोंबतात आणि इंजिन हातानं फिरवतात. दाबाची वेळ आली की बोळा फट्‌ करून उडतो. त्या दिवशी शेजारी पत्रा ठोकायचं काम चालू होतं. धाकट्याचे डोळे रेघांवर होते, त्याला पत्र्याचा आवाज बोळ्याचा वाटला, आणि वर रेघा जुळलेल्या. चांगल्या कानाच्या माणसाला आवाजानं फसवलं होतं.

मी बोळा घातला नाही. भोकावर अंगठा ठेवला आणि धाकट्याला इंजिन फिरवायला खूण केली. रेघ समोर आली तेव्हा अंगठ्याखाली काही नाही. आणखी एक फेर. हवेनं अंगठा असा ढकलला की नख दुखलं. मी त्याचा हात धरला आणि अंगठा त्या भोकावर ठेवायला लावला. त्याचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पंप काढला, बरोबर फेरावर परत बसवला. मग रेघांवर न विसंबता थेंबाचं टायमिंग घेतलं. पहिल्या नळीच्या जागी आतली झडप काढून एक वाकडी नळी लावायची आणि हातानं डिझेल सोडायचं. आधी धार लागते. पंप केसकेस फिरवत जायचं, की धारेचे थेंब होतात. थेंब लांबतात. एक थेंब नळीच्या टोकाला लटकतो आणि पडत नाही. तीच पंपानं डिझेल दाबायला घेतल्याची वेळ. तिथं आवळायचं. माझ्या वस्तादांनी मला हे शिकवलं तेव्हा तेही तोंडानं टायमिंग कानात असतं असंच म्हणायचे. पण थेंबाला आवाज नसतो. हे सगळं मी डोळ्यांनी करत आलो होतो, आणि हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

झडप, नळी परत बसवून इंजिन चालू करायला सेल मारला. आधी तळपायाला कळलं. फरशी थरथरली, पांढरा धूर आला, मग विरळ झाला, मग नुसती ऊन हवा. शेतकरी खुर्चीवरून उठला. धाकटा मान कलती करून टकटक शोधत होता. गेल्या उन्हाळ्याची आठवण त्याला होती, तशी मलाही होती. मी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं आणि त्याची मूठ दातात धरली. चहावाला हसला, तो मला दिसला. हसू दे. कानातून येत नाही ते दाढेतून येतं. कवटीत सगळं इंजिन भरलं, आणि त्यात टकटक नव्हती.

मग एकेक नळी चिमटीत धरायला लागलो. प्रत्येक नळीत डिझेलचा ठोका बोटाला लागतो. पहिली चांगली होती. दुसरीवर बोटं होती तेव्हा धाकटा मागून काहीतरी बोलला. नुसता श्वास मानेला लागला.

'काय?' मी विचारलं. आणि पुढचं वाक्य पाठ असल्यासारखा उभा राहिलो.

तो इंजिनला वळसा घालून समोर आला. बोळ्यानं हात पुसले. माझ्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश, एकेक शब्द म्हणाला, 'तिसरी बघा, म्हणलं. मंद वाटायलीय.'

मी तिसऱ्या नळीला हात लावला. खरंच मंद होती.