फुलाफुलांची थैली

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण त्यांच्याआधी मला आजही आठवते ती शेळ्यांची केस, आणि आठवली की हसू येतं.

तेव्हा मी राळेगाव भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. मजुरी करणारी एक विधवा बाई नोटीस घेऊन आली. सरकारी अनुदानातून मिळालेल्या शेळ्या तिनं परस्पर विकल्या, सबब अनुदान परत करावं, असं त्यात होतं. पण बाईला पैशापेक्षा दुसरंच लागलं होतं.

"बकऱ्या आल्त्या, साहेब. फोटो काढला, अन् त्याच टेम्पोत भरून नेल्या. म्हणे, लस टोचून आणतो. आता गाव मले चोट्टी म्हणते. म्या काय केलं?"

शेळ्या पुरवायचं काम एका एजंटाकडे होतं. मला पाहताच तो कमरेत वाकला. फार वाकणाऱ्या माणसाला मी जरा निरखूनच पाहतो. बाईनं शेळ्या बाजारात विकल्या, हे त्याचं म्हणणं. फोटो त्याच्या बाजूनं होता.

दोन-तीन दिवसांत फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं खबर दिली. "साहेब, त्याच बकऱ्या गावोगाव फिरून राह्यल्या. नवरदेवाची वरात बी येवढी फिरत नाई."

मी खात्याकडून सगळ्या लाभार्थी बायांचे फोटो मागवले. शेळ्यांच्या कानातले बिल्ले प्रत्येक फोटोत वेगळे. आमचे हवालदार म्हणाले, "शेळ्या काय, सगळ्या सारख्याच दिसतात." पण मी शेळ्यांच्या घरात वाढलेलो. पिल्लांनी सगळं दूध पिऊ नये म्हणून शेळीच्या कासेला कापडी थैली बांधतात. प्रत्येक फोटोत एका काळ्या शेळीला तीच थैली होती, पिवळ्यावर लाल फुलं. एजंटानं बिल्ले बदलले, थैली विसरला.

टेम्पो संध्याकाळी कुठे रिकामा होतो ते पंक्चरवाल्यानंच सांगितलं. पंचांना घेऊन एजंटाच्या थोरल्या भावाच्या गोठ्यावर गेलो. काळी शेळी थैलीसकट रवंथ करत बसली होती. भावाची बायको चहा घेऊन आली. मी थैलीची तारीफ केली, तशी ती खुलली.

"मीच शिवली, लेकीच्या जुन्या झग्याची. आमचे भाऊजी नेतात न हिले फोटोले, सांजच्याले आणून सोडतात. तरी थैली उसवली नाई."

पंचांना हसू आवरेना. तिचा जबाब आम्ही शब्दशः लिहून घेतला. बिचारीच्या मनात पाप नव्हतं.

ठाण्यात एजंटापुढे सगळे फोटो मांडले आणि विचारलं, "ही थैली कोणी शिवली?"

त्यानं एक फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "वहिनीनं." पुढचं त्यानं न विचारताच सांगितलं. मी ना आवाज चढवला, ना हात उगारला. मला त्याचं फार समाधान वाटलं.

चोर सरकारला जे दिसतं तेवढंच बदलतो, उरलेलं तसंच ठेवतो. पुढच्या सगळ्या नोकरीत मी आधी ते उरलेलं पाहत आलो.

त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, बाईची नोटीस रद्द झाली, आणि काही महिन्यांनी तिच्या दारी खऱ्या शेळ्या आल्या. मी मुद्दाम गेलो होतो. सारं गाव जमलं होतं. खात्याच्या माणसानं मोबाइल वर केला आणि तिला शेळ्यांजवळ उभं राहायला सांगितलं.

बाईनं दावी हातात घेतली. "फोटो उद्या काढा, साहेब," ती म्हणाली. "आज रातभर ह्यायले माह्या घरी राहू द्या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "उद्या या."