घुंगरमाळेसकट

कुजलेला जबडा, सक्शनच्या बाटलीतली घाण, उलटीनं भरलेली चादर, प्रियदर्शनी सिस्टरला कशाचीच किळस येत नसे. धर्माबादची ही पोर लातूरच्या कॅन्सर वॉर्डात रुजू झाली तेव्हा बाकीच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या, आणि ही ड्रेसिंग उरकून शेजारच्या खोलीत निवांत डबा खायची. तिला मळमळायचं एका शब्दानं. ‘पॉझिटिव्ह.’

आज तो शब्द सकाळपासून वॉर्डभर हिंडत होता. कॅन्सर दिनाचा सत्कार होता आणि निवडले होते शिवप्पांना. देवणीचे शेतकरी, अर्धा जबडा काढलेला, तोंड जड झालेलं, तरी आख्ख्या मजल्याला शिव्या घालणारे. जखमेला हात लावला की खेकसायचे, “हळू की! म्हशीला खरारा करायलीस का?” अलीकडे मात्र एकदम गप्प. नाकातल्या नळीतून जे सोडाल ते मुकाट घ्यायचे. काल तर तिलाच म्हणाले, “तुला लई तरास दिलो बाई. आता न्हाई देणार.”

वॉर्ड खूश होता. खरं सांगायचं तर तीही. शिव्या थांबलेल्या कुणाला नको असतात! सत्कार झाला की दुपारी डिस्चार्ज.

“हसा काका, योद्धा आहात तुम्ही!” सत्कार करणाऱ्या संस्थेच्या बाईंनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. शिवप्पा हसले. उरलेलं अर्धं तोंड वर गेलं, डोळे तिथंच पडून राहिले. फोटोवाला म्हणाला, “सिस्टर, नळी जरा झाका, घाण दिसतीय.”

प्रियदर्शनीनं नळी झाकली नाही.

भाचा बसवंत कौतुकानं कुजबुजला, “मामाचं मन लई मोठं झालंय, सिस्टर. बैलजोडी मला देऊन टाकली. ती बी घुंगरमाळेसकट!”

“माळेसकट म्हणजे?”

“आवं, आमच्यात जनावर इकलं तरी माळ कुणी देत न्हाई. खुंटीला ऱ्हाती, पुढच्या जोडीसाठी. मामा म्हणले, घेऊन जा, मला काय करायची.”

तिनं हातातला ट्रे खाली ठेवला. आता न्हाई देणार. मला काय करायची. चिडका माणूस अचानक शांत होतो, जिवाभावाच्या वस्तू वाटतो, निरोपासारखं बोलतो. ट्रेनिंगला हे सगळं शिकवलं होतं आणि ती काल ‘शहाणे झाले आप्पा’ म्हणून पुढच्या खाटेकडं गेली होती. आता किळस आली ती स्वतःचीच.

तिनं पडदा ओढला. “ताई, बाहेर थांबा.”

“अहो, फोटो राहिलाय!”

“राहू द्या.”

ती स्टुलावर बसली. “आप्पा, जीव द्यायचं मनात आहे का?”

बसवंत ताडकन उठला. “सिस्टर! असलं अभद्र इचारून डोक्यात भरवायलात व्हय?”

“विचारल्यानं भरत नाही, दादा. बसा.”

शिवप्पांनी मान तिच्याकडं वळवली. मग म्हणाले, “हाय.” अर्ध्या तोंडातून लाळ ओघळली. तिनं पुसली. “दुखतंय म्हणलं की हिंमत धरा म्हणत्यात. माझ्या वासानं नातवंडं जवळ येत न्हाईत म्हणलं की पॉझिटिव्ह ऱ्हावा. मग म्या बोलणंच सोडलो. सगळ्यांना बरंच वाटलं.”

बसवंत खाली बसला. मामाचा पाय धरला.

“घरी जाऊन काही करायचं ठरवलं होतं?”

मान हलली. होय.

“मग आज घरी नाही. दुखणं कमी करता येतं, वासही. आणि एकटं तुम्हाला कुणी सोडणार नाही.” तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते आले, ऐकलं, डिस्चार्ज रद्द केला. मानसोपचारतज्ज्ञांना बोलावलं, दुखण्याचं औषध बदललं आणि खुर्ची ओढून बसले.

पडदा फडफडला. बाईंचा आवाज आला, “झालं का? पाहुणे थांबलेत.”

शिवप्पांनी खांदा झटकला. “ही शाल काढा आदी. टोचायलीय कवापासनं.”

प्रियदर्शनीनं शाल उचलली, बाईंच्या हातात दिली आणि बसवंताला म्हणाली, “उद्या माळ घेऊन या.”

“आण की,” शिवप्पा गुरगुरले, “पण घासून आण. तुझ्या घरी गेली म्हणजे गंजलीच असंल, येड्या.”