ओढ्यातले बिऱ्हाड

नव्वदच्या दशकात वैशाखरे गावाजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचो आणि माझी बायको विज्ञान. तिचा तास बहुधा शाळेमागच्या ओढ्यात भरे. मुलं पाण्यातला दगड हळूच उचलून खालचे खेकडे, चतुराची पिल्लं बघायची.

मग ती आजारी पडली. ती कल्याणच्या दवाखान्यात असताना तिचे तास मी घेतले. त्याच सुमारास शाळेची तपासणी आली. तिचा ओढा साहेबांना देखणा दिसावा म्हणून मी मुलांकडून कुजका पाला उपसून घेतला. दगड खराट्याने घासले, काठावर ओळीने मांडले, चुन्याने पांढरे केले. ब्रश ओढ्यातच धुतले. साहेब खूश झाले. दुसऱ्या दिवशी डोहात बारके मासे उताणे तरंगत होते.

ती घरी आल्यावर मी सगळं सांगितलं.

"अहो, ओढ्याला गणवेश घातलात की," म्हणून हसली. मग हळूच विचारलं, "माझ्या डोळ्यांदेखत येतील का हो खेकडे-मासे परत?"

डॉक्टरांनी फार मुदत दिली नव्हती.

मी वर्गात चूक कबूल केली. वाडीवरून येणारी एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, ते पांढरे दगड परत पाण्यात टाकू नका हां, नायतर उरलेले बी मरतील." तिच्या सांगण्यावरून आम्ही ओढ्याच्या वरच्या अंगाचे दगड आणले, सांदीत उंबराचा पाला अडकवला. मी एक दगड सपाट ठेवला.

"तिरपा ठेवा की, गुरुजी. खाली फटच नाय, खेकडा काय सरपटत जाईल?"

मुलं माझ्यावर मनसोक्त हसली.

रोज संध्याकाळी बायको विचारायची, "आलं का कोणी?" मी नाही म्हणायचो. खोटं सांगितलं असतं, तर तिने लगेच विचारलं असतं, कुठल्या दगडाखाली?

बऱ्याच दिवसांनी वाडीवरच्या त्या मुलीला एक खेकडा दिसला. दुसऱ्या दिवशी चार मुलींनी बायकोला शाळेच्या खुर्चीत बसवून काठावर नेलं. दगड उचलला. खाली कोणी नव्हतं. मुलींची तोंडं उतरली.

"चरायला गेला असेल," ती म्हणाली. "थांबू या."

शाळा सुटल्याची घंटा झाली तरी कोणी हललं नाही. ऊन उतरलं. तिला खुर्चीतच डुलकी लागली होती, तेव्हा पाल्यातून आधी एक नांगी बाहेर आली. मी तिला उठवलं.