धुडकू बसला नाही

तात्या गेल्याचं मला रुमाल्यानं सांगितलं. रुमाल्या आमच्या देवीखात्याची पेटी वाहणारा डोंगरातला माणूस. तोरणमाळच्या वाटेवर एका पाड्यात मी पोरांना देवी टोचत बसलो होतो. त्यानं पेटी खाली ठेवली, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "धडगावचा म्हातारा गेला." मी बरं म्हटलं. हो, नुसतं बरं! पुढचं पोर मांडीवर घेतलं, त्याचा दंड पुसला, टोचलं. उरलेली पोरंही टोचली. धडगावला पोचलो तोवर सगळं उरकून गेलं होतं. हिवतापानं चार-पाच दिवसांत माणूस संपला. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते, मी रडेन म्हणून. मला रडू आलं नाही. रात्री पोटभर जेवलो आणि झोपलोसुद्धा. बायको म्हणाली, तुम्हाला काही वाटत नाही का हो? वाटत नव्हतं, हे खरं. आता महिना होत आला, साप्ताहिकवाल्यांनी चार ओळी लिहून द्या म्हटलं, म्हणून बसलोय. दगडावर बसल्यासारखा बसलोय.

आत्माराम तात्या आमचे इन्स्पेक्टर. अक्राणी महालात देवी टोचणारी आम्ही पाच-सहा माणसं त्यांच्या हाताखाली. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायचं असतं, पण मला ते जमत नाही. तात्या सुरुवातीला भयंकर माणूस होता. गाव तापीकाठचं, सारंगखेड्याच्या अलीकडचं. घरी बागायत, दारात घोडी, आणि आवाज असा की शेताच्या दुसऱ्या टोकाला बैल थांबावा. धडगावची बदली म्हणजे काळं पाणी, असं सगळं खातं मानायचं. तात्यांनी ते मनावर घेतलं आणि आमचंही काळं पाणी केलं. वरच्या कचेरीला आकडे हवे असायचे, किती पोरं टोचली त्याचे. कोणी रिकाम्या हातानं डोंगरातून परत आला, की तात्या त्याला आत येऊ द्यायचे नाहीत. अंगणात उन्हात उभं करायचे. मीही उभा राहिलोय, दोनदा. पहिल्यांदा तर गाव ओस होतं, माणसं मजुरीला खाली उतरलेली. टोचू कोणाला, झाडांना? पण हे बोलायची कोणाची छाती? आम्ही आपसात त्यांना तापलेला तवा म्हणायचो.

त्या उन्हातच पुढचं सगळं पिकलं. आमच्यात धुडकू नावाचा एक जण होता, शहाद्याकडचा. गरीब स्वभावाचा, पायाला मात्र चिवट. लस थंड राहावी म्हणून नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायच्या, दर ओढ्याला फडकं भिजवायचं, ही आमची रीत. एकदा उन्हाळा लवकर लागला, ओढे आटले, आणि तोरणमाळच्या अंगाच्या एका पाड्यावर धुडकू पोचला तेव्हा फडकं खडखडीत वाळलं होतं. नळ्या हाताला गरम लागत होत्या. लस मेली, हे त्याला कळलं. परत फिरावं तर अंगण होतं, ऊन होतं आणि तात्या होते. त्यानं मेलेली लस टोचली. आठवड्यानं दंड बघायला पुन्हा चढला, लस लागल्याची खूण म्हणून येणारा फोड एकालाही आलेला नव्हता. त्यानं सगळ्यांना आले असं लिहून दिलं. तात्यांनी स्वतः वर जाऊन तपासायला हवं होतं, पण घाट उभा आणि कागद चोख... ते गेले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात त्या पाड्यावर देवीची साथ आली. टोचलेली दोन पोरं गेली, त्यातला एक पाड्याचा कारभारी वेस्ता याचा नातू. आमची माणसं वर गेली तर खिंडीत तीरकमठे घेऊन गडी उभे. तुमची सुई खोटी आहे, म्हणाले. ही बातमी खोऱ्याखोऱ्यातून फिरली आणि एकेक पाडा आम्हाला बंद झाला. साथ मात्र चालतच होती, तिला कोण अडवणार! आमच्यातलाही कोणी वर जायला तयार होईना. मी स्वतः सांगितलं, नोकरी गेली तरी चालेल, तीर खायला जाणार नाही. तात्या ओरडतील म्हणून आम्ही माना खाली घालून बसलो होतो. तेवढ्यात धुडकू उठला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. तात्यांनी एवढंच विचारलं, की परत का नाही आलास. धुडकू म्हणाला, "तात्या, खाली हात येवानी हिंमत नही व्हयनी." तात्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी त्या दिवशी पाहिलं. मग म्हणाले, उद्या मी वर जातो. कोणी यायलाच पाहिजे असं नाही.

आम्ही गेलो. का गेलो, देव जाणे. हुकूम झाला असता तर गेलो नसतो, एवढं नक्की. तात्यांनी रुमाल्याला पुढे पाठवून पाड्याला पंच बसवायची विनंती केली होती. त्या लोकांची रीत अशी, की वाकडं काही झालं तर झगडा पंचांपुढे ठेवायचा. ज्याच्यावर झगडा तो एका बाजूला जमिनीवर बसतो, आणि माणूस धाकटा असेल तर त्याच्या घरचा मोठा त्याच्यासाठी बसतो. मोहाच्या झाडाखाली सगळे जमले होते. धुडकू त्या बाजूला बसायला निघाला. तात्यांनी त्याला दंडाला धरून मागे सारलं आणि स्वतः धुळीत मांडी घातली. सरकारी इन्स्पेक्टर, डोक्यावर पागोटं... रुमाल्या एकेक वाक्य त्यांच्या बोलीत सांगत गेला. तात्या म्हणाले, "औषध मेलेलं होतं. यानं खोटं केलं ते माझ्या धाकानं केलं. हा माझ्या घरचा आहे, मी मोठा. झगडा माझ्यावर घाला."

वेस्ता कारभारी त्यांच्याकडे बघत होता आणि मी त्याच्यामागे उभ्या असलेल्या कमठ्यांकडे. पंच बाजूला जाऊन बोलून आले. बोकड आणि मोहाची दारू असा दंड ठरला, आणि रीतीप्रमाणे दोन्ही बाजूंनी ती एकत्र प्यायची, मगच झगडा मिटतो. तात्यांच्या गळ्यात वारकऱ्याची तुळशीची माळ होती, म्हणजे दारू वर्ज्य. त्यांनी ती काढून खिशात ठेवली, पानाच्या द्रोणातली दारू प्यायली आणि गळ्याखाली उतरल्यावर जे खोकत सुटले, की वेस्ताच त्यांची पाठ थोपटायला उठला. नातू गेलेला माणूस यांची पाठ थोपटतोय! पोरं काही परत येणार नव्हती. पण दुसऱ्या दिवशी धुडकू खालून ताजी लस घेऊन आला, हातातलं फडकं टपटप गळत होतं, आणि वेस्तानं घरातली उरलेली नात स्वतः उचलून आणली. बाकीचे पाडेही हळूहळू उघडले.

हे सगळं वर कळलंच. खात्याची चूक अशी चव्हाट्यावर कबूल करतात का? तात्यांची बढती गेली ती गेलीच. माळ उतरवली म्हणून भाऊबंदांनी पंगतीला बोलावणं सोडलं. मी एकदा म्हटलंही, तात्या, फार महाग पडलं तुम्हाला. ते म्हणाले, मूर्खा, स्वस्तात सुटलो.

त्यानंतरचे तात्या तुम्हाला सगळे सांगतील, मी कशाला सांगू? एवढंच सांगतो, की अंगणात उभं राहणं बंद झालं. कोणी डोंगरातून रिकामा परत आला, की तात्या स्वतःच्या बाकावर सरकून जागा करायचे. "बस पहिले. चहा पी ले. मंग सांग." आवाज तोच, मोठा. पण माणसं सांगायला लागली. लस तापली, पाय मुरगळला, वाट चुकलो, घाबरलो... सगळं सांगायची. आकडे कमी गेले, वरून ताशेरे आले, पण गेलेला प्रत्येक आकडा खरा होता. धडगावहून बदली मागायचीही आम्ही हळूहळू विसरलो. मीसुद्धा, आणि मी तर कायमचा कुरकुऱ्या.

आता त्यांच्या जागी तात्पुरता मी आहे. परवा वरून कागद आला, या महिन्याचे आकडे फार कमी आहेत म्हणून. काल सकाळी मी सगळ्यांना तो वाचून दाखवला. जरा आवाज चढवूनच. तिसऱ्या प्रहरी धुडकू डोंगरातून आला. त्याचे केस आता पिकलेत. रोज सरळ आत येऊन बाकावर टेकणारा माणूस दाराशीच थांबला. पेटी छातीशी धरलेली, पायांवर धूळ. म्हणाला, "साहेब, लस तपी गयी व्हती. फेकी दिन्ही. आज येक बी पोरगाले टोचं नही."

साहेब! इतक्या वर्षांत हा शब्द त्यानं तात्यांनाही कधी लावला नव्हता.

मी बाकावर सरकलो. बस म्हटलं, चहा येतोय म्हटलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी पुन्हा म्हटलं, धुडकू, बस ना रे. तो मान खाली घालून मागे सरला आणि अंगणात, उन्हात जाऊन उभा राहिला.

तात्या गेले, हे मला तेव्हा कळलं.