पुस्तकात नसलेला पेंटर

गावात पुस्तकात नसलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे पेंटर. तसे नसलेले आणखी होते, पण ते नंतर जन्मलेले, नाहीतर बाहेरून येऊन स्थायिक झालेले. ज्यांच्या डोळ्यांदेखत पुस्तक लिहिलं गेलं त्यांच्यातला सुटलेला मात्र हा एवढाच.

पुस्तक गोष्टींचं, मास्तरांनी लिहिलेलं. मास्तर इथल्या शाळेत शिकवायला आले, पेंटरच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहिले आणि बदली होईपर्यंत गावातल्या माणसांवर गोष्टी लिहीत बसले. प्रत्येक गोष्ट एकाची, पण एका गोष्टीतला शिंपी दुसरीत कुणाच्या तरी लग्नाचा कोट शिवताना दिसायचा, आणि तिसरीत दवाखान्याच्या पायरीवर खोकत बसायचा. सगळ्या गोष्टी मिळून एक गाव व्हायचं. आता त्या पुस्तकाला अभिजात म्हणतात, कॉलेजात लावतात, आणि कुठली कुठली माणसं ते काखोटीला मारून गाव बघायला येतात.

नावं बदललेली होती, पण त्याने कुणी फसलं नाही. शिंप्याची गोष्ट आधी एका मासिकात आली होती. तिच्यातला शिंपी टेप वापरत नाही. गिऱ्हाइकाकडे एकदा बघतो आणि कापडाला कात्री लावतो. खरा शिंपी जन्मभर गळ्यात टेप घालून वावरलेला, पण गोष्ट छापून आल्यावर त्याने टेप खुंटीला लावली. त्यानंतर गावातल्या पँटा घोट्याच्या वरच राहिल्या. तक्रार कोण करणार? मासिकात आलेला शिंपी तो. मग कंपाउंडरची गोष्ट आली. गोष्टीतला कंपाउंडर अबोल. खरा असा बडबड्या, की रोगी औषध मिळायच्या आधीच थकायचा. त्याचीही एका रात्रीत दातखीळ बसली. गोळी जेवणाआधी की नंतर, असं विचारलं की तो खिडकीबाहेर कुठेतरी दूर बघायचा.

आणि पेंटर? "आहे की मी," तो गाव बघायला येणाऱ्यांना सांगायचा. "मास्तरांनी बाजारातल्या सगळ्या पाट्यांचं वर्णन केलंय. त्या रंगवल्या कुणी? मी शिडीवर होतो म्हणून दिसलो नाही, एवढंच." लोक हसायचे, पण सगळ्यांच्या आधी तोच हसायचा. आपण आधी हसलो की दुसऱ्याचं हसू कमी लागतं, हे त्याला अनुभवाने कळलं होतं.

हसण्यासारखं त्याच्याकडे होतंही पुष्कळ. पाटी रंगवायची तर आधी खडूने आखावी, अक्षरं मोजावीत, हे कुणीही सांगेल. पेंटरला आखणं मंजूर नव्हतं. आखणं कारागिराचं काम, आणि आपण पडलो कलावंत. त्यामुळे पाटीवरची पहिली अक्षरं पाय पसरून ऐसपैस बसलेली, आणि शेवटची एकमेकांच्या मांडीवर. बाजारातून फिरताना आपलंच काम बघून तो कपाळाला हात लावायचा आणि पुढची पाटी पुन्हा तशीच रंगवायचा.

पण पुस्तकाचं त्याला आतून लागलेलं होतं. मास्तर रोज संध्याकाळी त्याच्या दुकानात रंगाच्या डब्यावर बसून चहा प्यायचे. जे कुणाशी बोलला नव्हता ते तो त्यांच्याशी बोलला होता. टेपवाला शिंपी चालला, बडबड्या कंपाउंडर चालला, आणि रोजचा चहा पाजणाऱ्याला वगळलं. याचा अर्थ सरळ होता. आपल्यात लिहिण्याजोगं काही नव्हतंच.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली आणि वाचनालयाने मास्तरांचा सत्कार ठेवला. स्वागताचा फलक अर्थात पेंटरकडे. 'सुप्रसिद्ध लेखक' हे शब्द त्याने लांबूनही दिसतील असे रंगवले, आणि मग मास्तरांच्या नावाला मुंग्यांच्या रांगेएवढी जागा उरली. त्याचं लक्षच नव्हतं म्हणा. या वेळी मास्तरांना गाठून विचारायचंच, असं त्याने ठरवलं होतं. मास्तर थकले होते. पुन्हा यायचे नव्हते.

समारंभाआधी मास्तर वाचनालयाच्या मागच्या खोलीत एकटेच बसले होते. पेंटर आत शिरला. घरून पाठ करून आणलेली वाक्यं दारातच सांडली.

"मास्तर, मी का नाही?"

मास्तरांनी चष्मा काढला. "म्हणजे? वहिनींनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं?"

मास्तरांनी जीभ चावली, पण आता फार उशीर झाला होता. "लिहिली होती तुमच्यावर," ते म्हणाले. "छापायला देण्याआधी वाचून दाखवावी म्हणून खाली आलो. तुम्ही बाजारात शिडीवर. वहिनी दुकानामागे घरात होत्या, त्यांनाच वाचून दाखवली. पूर्ण ऐकली आणि म्हणाल्या, ही छापू नका. मी कागद तिथेच त्यांच्या चुलीत घातले."

"वाईट होती?"

"माझी सगळ्यात चांगली गोष्ट होती ती, पेंटर."

"मग होतं काय तिच्यात?"

"तुम्हीच माझ्याशी बोलला होतात ते. एक पेंटर अर्धी रंगवलेली पाटी आणि शिडी तशीच सोडतो, स्टेशनवर जातो, मोठ्या शहराची गाडी पकडतो. खरी चित्रं काढायला. मागे वळूनही बघत नाही."

बाहेर टाळ्या सुरू झाल्या, मास्तरांना हाताला धरून घेऊन गेले. भाषणात त्यांनी शिंप्याचा उल्लेख केला, शिंपी उठून उभा राहिला, त्याची स्वतःची पँटही घोट्याच्या वर होती. पेंटर शेवटपर्यंत थांबला नाही.

बायको स्वयंपाकघरात पीठ मळत होती. त्याचा चेहरा बघून तिचे हात थांबले.

"सांगितलं वाटतं मास्तरांनी," ती म्हणाली.

"अगं, इतकी वर्षं! सगळ्या गावात माझं हसं होत होतं, आणि तू गप्प बसलीस?"

"शिंप्याने टेप टाकली होती," ती म्हणाली. "कंपाउंडरची बोलती बंद झाली होती. लोक छापल्याप्रमाणे वागायला लागले होते, दिसत होतं मला. मास्तर ती गोष्ट वाचत होते आणि मी घाबरले. म्हटलं, ही छापून आली की आमच्या घरातला माणूस शिडी सोडून निघाला." तिने त्याच्याकडे बघितलं. "गेला असतात ना?"

त्याच्या ओठांवर विनोद तयार होता. मी कसला जातोय, तिकिटाच्या खिडकीवर गावाचं नाव लिहायला जागा पुरली नसती, असं काहीतरी. आयुष्यभर असंच काहीतरी बोलून त्याने वेळ मारून नेली होती. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने विनोद गिळला.

"गेलो असतो," तो म्हणाला.

"मग बरोबरच केलं मी," ती म्हणाली. "पण तुम्ही लोकांपुढे स्वतःला नावं ठेवायला लागलात की दर वेळी मला चोरी केल्यासारखं वाटायचं."

त्याला राग यायला हवा होता. तो आलाही, नाही असं नाही. पण रागाच्या जोडीला असं काहीतरी वर आलं, की ते लपवायला त्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. हा माणूस सगळं सोडून निघून जाऊ शकतो, असं गावात एकाच व्यक्तीला वाटलं होतं, आणि ती त्याच्यासमोर पिठाच्या हातांनी उभी होती. शिंपी जाईल म्हणून असं कोण घाबरलं होतं?

"आठवते का ती गोष्ट?" त्याने विचारलं.

"एकदाच ऐकली. पण सगळी आठवते."

"माझी पाटी तरी नीट रंगवली होती का त्यांनी?"

"नाही. शेवटची अक्षरं चिकटलेलीच होती."

तो हसला, मग हसता हसता थांबला. "सांग ना," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

तिने गॅस बंद केला, हात धुतले, आणि त्याच्यासमोर बसून सांगायला सुरुवात केली.