आत्यानं झाडलेला गोठा

आत्या कधी कुणाशी भांडली नाही. एखादी गोष्ट पटली नाही तर ती "व्हय" म्हणायची आणि आपली पाठ वळली की केलेलं मोडून ठेवायची. आईनं चूल हलवली, तर सकाळी चूल पुन्हा जुन्या जागी. वडिलांनी बाभूळ छाटायला माणूस बोलावला, तर आत्यानं त्याला चहा पाजून परत धाडला. विचारलं की म्हणायची, "मी कुठं नाय म्हनलं?"

ती वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर फुलंब्रीजवळच्या आमच्या वस्तीवर परत आली आणि तेव्हापासून आमची मेंढरं तिनंच राखली. पुढं चरायची रानं प्लॉटिंगमध्ये गेली आणि वडिलांनी कळप विकला. गोठा तेवढा राहिला. आत्या रोज सकाळी त्याचं फाटक उघडायची, संध्याकाळी लावायची. आत काहीच नव्हतं.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मीच, आणि हे मी सांगणारच. शहरात क्रांती चौकातल्या एका दुकानात नोकरी मिळत होती. तिथं उभं राहून दुसऱ्याचा माल विकण्यापेक्षा स्वतःच्या गावरान कोंबड्या बऱ्या, असं मी ठरवलं. शेजारचे काका म्हणाले, "पदवी घिऊन कोंबड्यामागं पळनार व्हय?" म्हटलं, "व्हय. अन् तुम्हाला अंडी फुकट मिळणार नाहीत." पिल्लं सांगून ठेवली. गोठा कोंबड्यांना घेऊ का, असं आत्याला विचारलं.

"व्हय की," ती म्हणाली. मी तिथंच सावध व्हायला हवं होतं.

गोठ्यात लेंड्यांचा थर बसून बसून दगडासारखा झाला होता. मी तो कुदळीनं फोडून उकिरड्यावर टाकला, जळमटं काढली, भिंतींना चुना मारला. दुसऱ्या दिवशी पाहते तर मधोमध लेंड्या पसरलेल्या. मला वाटलं, माझ्याच काढायच्या राहिल्या. पुन्हा काढल्या. पुन्हा हजर! शेवटी आत्याच पाटी घेऊन येताना सापडली.

"आत्या, हे काय चाललंय?"

"जनावर नव्या जागी बसत नाय. जुना वास लागतो त्येला."

"अगं, कोंबड्या येणारेत!"

"मंग? कोंबडी जनावर नाय?"

मेंढरांचा तळ हलवला की थोड्या जुन्या लेंड्या नव्या जागेवर टाकायच्या, ही तिची नेहमीची रीत. पण आता ती हे कोंबड्यांसाठी करत होती, का मेंढरांसाठी? की मला नको म्हणत होती?

पिल्लं यायच्या आदल्या दिवशी ती पुन्हा पाटी घेऊन आली. मी दारात आडवी उभी राहिले. "आत्या, यानं रोग येतो. पिल्लं मरतील, माझं सगळं बुडेल."

पाटी तशीच डोक्यावर. "अन् मेंढरं आली तर कुठं बसायची?"

"विकलेली मेंढरं कशी येतील गं?"

"ठावं हाय मला. येडी समजती का?"

तिनं पाटी उकिरड्यावर पालथी केली आणि खराटा घेऊन आत शिरली. तसा गोठा मला जन्मात झाडता आला नसता. तिनं कोपरे खरवडले, लिंबाच्या पाल्याचा धूर केला, भाताचं तूस अंथरलं, मुंगूस शिरेल ती फट दगडानं बुजवली. मध्येच ती रडली का, हेही मला नक्की सांगता येणार नाही. धूर फार होता.

पिल्लं आली. आत्या फाटकात बसून बघायची. "लई वरडतात. मानूस वळखत नायत." तरी पाणी तीच बदलायची. मग एक दिवस गाठोडं बांधलं आणि म्हणाली, गंगापूरकडं जाते, दिरांच्या कळपात.

"आत्या, माझ्यावर रागावलीस का?"

जीपवाला हॉर्न वाजवत होता. "रागवायला काय झालं? ग्वाड हायेत की तुझ्या कोंबड्या," म्हणाली आणि चढली.

आई म्हणते, तू म्हातारीला घराबाहेर काढलंस. वडील म्हणतात, रिकाम्या गोठ्याची तिची राखण सुटली एकदाची. मला दोघांचंही पटतं, एक दिवस आईचं, एक दिवस वडिलांचं.

त्या हिवाळ्यात आत्या तिकडंच वारली. त्याआधी एकदा तिनं दिरांच्या फोनवरून फोन केला होता. उसाच्या रानाकडेला तळ पडलाय म्हणाली, झोप चांगली लागती म्हणाली. मी विचारलं, "इथं लागत नव्हती का?"

"थांब गं, एक कोकरू मागं राह्यलंय," म्हणून फोन तसाच चालू ठेवून गेली. तिची हाळी लांब लांब गेली, मग नुसती मेंढरं ऐकू येत राहिली. मी दाण्याचं भांडं हातात धरून फोन कट होईपर्यंत ऐकत उभी होते.