तीन पाण्यांतून काढलेल्या साड्या

मी आशा वर्कर हाय. चकलांब्यात कुणाची सून माहेरी गेली, कुणाची शुगर वाढली, कुणाला खोकला लागला, हे मला तोंडपाठ असतं. लोक म्हणतात, धनश्रीला लई चौकशा. अरे बाबांनो, माझं कामच चौकशीचं हाय. उन्हातान्हात घरोघर हिंडायचं, गोळ्या वाटायच्या, वही भरायची, अन् वरून तुमचीच बोलणी खायची. त्यात ह्या छबूकाकूचं काम मी फुकटात अंगावर घेतलं. कावून घेतलं, ते सांगते.

छबूकाकू म्हणजे छबुबाई. आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. तिचे मालक बंकटकाका वारले त्याला चार वर्षं झाली. एकच लेक, भागवत. तो अन् त्याची बायको सुरेखा दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात जातात, ते पाडव्याच्या आगंमागंच परत येतात. मधल्या पाच महिन्यांत घरात काकू अन् एक शेळी. तिची एकटीचीच ही गत न्हाई म्हणा. आमच्या गल्लीत चौदा घरं, त्यातल्या नऊ घरांना हिवाळाभर कुलपं. सर्वेला गेले की मी कुलपांचीच नोंद करून येते.

काकूला बीपी हाय. महिन्याच्या गोळ्या द्यायला गेलं की ती सुटू द्यायची न्हाई. चहा ठेवते म्हणायची, मग दूध न्हाई म्हणून शेळी पिळायला बसायची, मग म्हणायची साखर कुठं ठेवली बघते. तासभर माझा असाच जायचा. मला बाकीची चाळीस घरं असायची. एकदा वैतागून मी म्हणले, "काकू, तुला काय तरी उद्योग लावून देते. माझा पिच्छा सोड."

उद्योग तिला येत होताच. वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला तिच्यासारखा हात आख्ख्या गावात कुणाचा न्हाई. जुन्या धोतरांचे, लुगड्यांचे थर टाकायचे, कडेनं धावदोरा घालत घालत मधोमध यायचं. टाका असा बारीक की उलटी कोणती अन् सुलटी कोणती, कळायचं न्हाई. मी इन्स्टाग्रामवर पेज उघडलं, 'छबूकाकूची वाकळ'. काकू तोंड दाखवायला तयार न्हाई. पदर पार हनुवटीपर्यंत ओढून बसली. म्हणले, ठीक हाय, नुसते हात काढते.

पहिले पंधरा दिवस कुत्रं फिरकलं न्हाई. मी आपली एकेक गाजलेलं गाणं लावून रील टाकतेय, अन् बघणारे एकोणीस. त्यातले चार वेळा मीच. मग एक दिवस घाईत गाणं लावायचं राहूनच गेलं. व्हिडिओत काकूचा आवाज तसाच गेला. ती वाकळीशी बोलत होती. "सरळ चाल ना गं बाई. तिकडं कुठं चालली? दुपार झाली, भूक लागली का तुला? थोडं थांब, एवढी कड होऊ दे." एकटं माणूस, दुसरं बोलणार कुणाशी? मला तर लाजच वाटली, पण काढून टाकायच्या आत तो अठ्ठावीस हजार लोकांनी बघितला.

मग काय, कमेंटी सुरू झाल्या. आजी, असंच बोलत राहा. आजी, माझी आई अशीच बोलायची. काकूला वाचता येत न्हाई, म्हणून मी वाचून दाखवायची. गोळ्यांचा तास गेला अन् कमेंटींचे दोन तास आले, बघा माझं नशीब. मी दारात दिसले की ती विचारायची, "आज कोण कोण आलतं?" जणू काय माणसं घरीच येऊन गेलीत. कुणी किंमत विचारली तरी तिचं उत्तर ठरलेलं. "त्याला विचार, जेवला का?" मी म्हणायची, काकू, गिऱ्हाइकाला आधी किंमत सांगतात. ती म्हणायची, "किंमत तू सांग. जेवल्याचं माझ्याकडून विचार."

तशात पुण्याच्या एका पोरीचा मेसेज आला. प्रियदर्शनी नाव. आई सात महिन्यांखाली गेली, भाऊबहीण कुणी न्हाई. आईच्या साड्यांची वाकळ शिवून पाहिजे, अन् शक्य असेल तर आजींशी बोलायचंय. भागवतनं काकूला बटनांचा फोन घेऊन दिलता, त्याचा नंबर मी दिला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी एक वाजता फोन. पोरीची ऑफिसातली जेवणाची सुट्टी तेव्हा असायची. काकूनं सगळा दिवस त्या एक वाजण्याभोवती बसवला. भाकरी लवकर थापायची, शेळीला चारा टाकून घ्यायची, अन् पावणेएकपासून फोन मांडीवर घेऊन बसायची. पोरगी साड्यांविषयी सांगायची. ही हिरवी माझ्या बारशाची, ही जांभळी आईला पहिल्या पगारातून मी घेतलेली. काकू तिला अंबाडीची भाजी कशी करायची ते सांगायची. भागवतचा फोन आठ-दहा दिवसांतून एकदा यायचा. शेळी बरी हाय का, गोळ्या घेती का, ठेवतो. त्याचा बी दोष न्हाई, उसाच्या फडात माणसाला घास गिळायला सवड नसते. पण रोज फोन करणारं काकूला ह्या जगात एकच माणूस होतं, अन् ते तिनं अजून डोळ्यानं बघितलेलं न्हवतं. मला एकदा म्हणली, "वाकळ झाल्यावर करंल का गं ती फोन?" मी म्हणले, करंल की. तेव्हापासून काकूचा हात जरा हळू चालायला लागला. साड्या अजून यायच्याच होत्या, पण ती आतली अस्तराची धोतरंच दोनदा उसवून शिवत बसली.

पार्सल गेवराईला आलं. मीच जाऊन आणलं. पिशवीत पिशवी, तिच्यात अजून एक पिशवी, अन् प्रत्येकीला गच्च गाठी. सोडता सोडता नखं दुखली माझी. म्हणले, पुण्याची माणसं पावसाला लई भितात वाटतं. आत सहा साड्या निघाल्या.

आता आमच्याकडची रीत अशी. मयत माणसाचा कपडा तीन पाण्यांतून काढल्याबिगर जित्या माणसाच्या अंगाला लावत न्हाईत. त्याच्यात विचारायचं काय? काकूनं हौदावर पाणी भरलं, दगड घासून घेतला. एक पाणी नुसतं, दुसरं रिठ्याचं, तिसरं पुन्हा नुसतं. एकेक साडी लेकराला न्हाऊ घालावं तशी धुतली. मी व्हिडिओ काढत होते. अन् माझ्या डोक्यात काय शहाणपण शिरलं बघा. शेवटच्या पाण्यात दुकानातली फुलाच्या वासाची पुडी ओतली. म्हणले, पुण्याचं गिऱ्हाईक हाय, वास चांगला पाहिजे. सहा साड्या तारेवर वाळत घातल्या, त्या वाऱ्यावर उडत होत्या, लई देखणा व्हिडिओ झाला. संध्याकाळच्या आत टाकला. खाली लिहिलं, 'आईच्या साड्या झाल्या नव्याकोऱ्या'.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी तिथंच होते. काकूला कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा असतो.

"आजी," पोरगी म्हणली, "तुम्ही त्या धुतल्या?"

"तीन पाण्यांतून काढल्या बाई. डाग म्हणून ठेवला न्हाई."

मग ती रडत रडत बोलली, "आजी, आईचा वास होता त्यांना. सात महिने मी ते कपाट उघडलं नाही, वास जाईल म्हणून. शिवताना तो आत राहील असं वाटलं होतं मला." अन् फोन बंद.

मला आधी रागच आला. वास कशाला पाहिजे? वासाचं लोणचं घालायचंय का? आधी सांगायला तोंड न्हवतं का हिला? काकू उठली, तारेवरची एक साडी नाकाला लावली, मग दुसरी, मग तिसरी. सहाही साड्यांना त्या पुडीचा वास. तेव्हा मला त्या पिशव्यांच्या गाठी आठवल्या. पाण्यानं जे थोडंफार मागं ठेवलं असंल, ते माझ्या पुडीनं घालवलं. काकूनं मला एका शब्दानं दोष दिला न्हाई. दिला असता तर बरं झालं असतं.

फोन बंद झाला तो झालाच. मी मेसेज केले, व्हिडिओ काढून टाकला, माफी मागितली. पोरगी वाचायची, पण उत्तर द्यायची न्हाई. काकू तरी पावणेएकला फोन मांडीवर घेऊन बसायचीच. दोन वाजले की उठायची. वाकळ मात्र तिनं सोडली न्हाई, रोज शिवायची, पण आता वाकळीशी बोलायची न्हाई. मी म्हणले, पेजवर लोक विचारतात, आजी कुठंय? चार हजार लोक झालेत काकू. ती म्हणली, "आसू दे." मला चहाचं बी विचारणं तिनं सोडलं. लई दिवसांनी मला तिच्याकडून वेळेत सुटका मिळायला लागली, अन् मला ती नको होती.

अकराव्या-बाराव्या दिवशी वाकळ पुरी झाली. काकू म्हणली, "तुझ्या फोनात माझं बोलणं जातं का तिला? तोंड नको, नुसतं बोलणं." मी व्हॉइस मेसेजचं बटण दाबून फोन तिच्यापुढं धरला. ती बोलली ते मला अजून तसंच्या तसं ध्यानात हाय.

"बाई, मी छबुबाई बोलते. माझे मालक वारले, तवा दहाव्याला त्यांची दोन धोतरं, तीन सदरे मी सोता धुतले. तीनच पाण्यांतून. वाटून टाकले. आंथरूण गावाबाहेर नेऊन टाकलं. मला वाटलं, मायेनं करायचं ते हेच असतं. वास ठेवायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच न्हाई. सांगितलं असतं तर मी बी एक सदरा ठेवला असता." इथं ती थांबली. मला वाटलं संपलं, मी बोट उचलणार, तर पुन्हा बोलली. "फोन कर म्हणत न्हाई. जेवत जा."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मी पळतच गेले, चपलेचा अंगठा तुटला माझा. पोरीनं लिहिलं होतं, 'आजी, आईचा वास आता येणार नाही. पण मला नुसती धुतलेली वाकळ नको. पाठवायच्या आधी आठ दिवस तुम्ही ती अंगावर घ्या. मग न धुता पाठवा.'

काकूनं ते तीनदा वाचायला लावलं. म्हणली, "न धुता?" मी म्हणले, न धुता. "माझ्या अंगावरची?" मी म्हणले, होय काकू, तसंच लिहिलंय. मग आठ दिवस तिनं वाकळ घेतली. दुपारी ऊन असलं तरी गुडघ्यावर घेऊन दारात बसायची.

नवव्या दिवशी मी वाकळ गेवराईला न्यायला म्हणून काकूकडं गेले. वाकळ घडी घालून ठेवलेली. काकू म्हणली, "धने, बघ गं. काय वास येतो माझा?"

मी खाली बसले अन् घडीत नाक घातलं. चुलीचा धूर होता, शेळीचा वास होता, डोक्याच्या खोबरेल तेलाचा होता, अन् त्याच्याखाली अजून काहीतरी, ऊबदार, ते मला सांगता येईना. म्हणले, चांगला येतो काकू.

"भागवत ल्हान व्हता तवा माझ्या पदरात नाक घालून निजायचा," ती म्हणली. "त्याच्यामागं माझा वास कुणाला पायजे व्हता?"

सगळा हिवाळा मी तिच्या हाताभरावर बसून तिचे व्हिडिओ काढले, चार हजार लोकांना तिचे हात दाखवले. पण तिला वास कसला येतो, हे मला त्या दिवशी तिनं विचारल्यावरच कळलं.